गरिबीचा दाखला, ऐपतीचा दाखला

येत्या भाऊबीजेला ताईला फोन करून पत्ता विचारावा लागणार नाही. तुम्ही म्हणाल, सख्ख्या बहिणीचा पत्ता भावाने विचारावा, हे कसले भाऊपण? पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी माणसे ज्यांच्या घरात आहेत, ते हसणार नाहीत. पंधरा वर्षांत ताईने सात बिऱ्हाडे बदलली. दर खेपेस सामान टेंपोत आणि तुळशीची कुंडी ताईच्या मांडीवर! एका दिवाळीत तर फराळाचा डबा घेऊन मी तिच्या जुन्याच घराची घंटा वाजवली. दार उघडणाऱ्या अनोळखी बाईंनी इतके अगत्य दाखवले, की डबा तिथेच ठेवून आलो.

वास्तविक हे टळले असते. आमच्या वडिलांच्या काळी हाउसिंग बोर्डाची घरे होती. 1948 च्या कायद्याने हे बोर्ड निघाले आणि टिळकनगर, नेहरूनगर, कन्नमवारनगर अशा वसाहती उपनगरांत उभ्या राहिल्या. वडिलांनीही विक्रोळीच्या खोलीसाठी अर्ज आणला होता. तो भरला, घडी घालून खिशात ठेवला आणि तिथेच राहू दिला. "गिरगाव सोडून त्या चिखलात कोण जाणार?" हा त्यांचा सवाल होता. गिरगावातली खोली थोरल्या काकांच्या नावावर आहे, हे त्यांना पुढे फार उशिरा आठवले. बोर्डाच्या वसाहतींतल्या पुष्कळ भाडेकरूंना कालांतराने ती घरे मालकीची झाली. आमच्या वाट्याला आली ती चिखलाची गोष्ट!

1977 साली जुनी मंडळे एकत्र होऊन म्हाडा झाली. आता अर्ज खिशात राहू शकत नाही, कारण तो संगणकावर भरायचा असतो. घरे सोडतीने मिळतात. 2023 च्या मुंबईच्या सोडतीत घरे होती 4082, आणि अर्ज आले एक लाख वीस हजारांच्या वर. म्हणजे एका घराच्या दारात जवळजवळ तीस कुटुंबे उभी. त्या गर्दीत आमचा भाचाही होता. ही त्याची चौथी खेप. पहिल्या तीन खेपांना अनामत रक्कम परत आली, आणि घरात "चला, निदान पैसे तरी आले" असे म्हणून चहा झाला. चौथ्या खेपेला पैसे परत आले नाहीत, नंबर आला. त्या दिवशी मात्र चहा करायचे कोणाला सुचले नाही.

वाचकांना वाटेल, येथे गोष्ट संपली. छे! येथे तर ती सुरू झाली.

अल्प उत्पन्न गटात बसायचे, तर मुंबईच्या परिसरात नवराबायकोचे मिळून वर्षाचे उत्पन्न नऊ लाखांच्या आत हवे. भाचा आणि सूनबाई यांचे मिळून साडेआठ लाखांवर जात होते. त्यात त्याला बढती येऊ घातली. बढतीसाठी नवस बोलणारी माणसे आपण पाहिली आहेत. ती लांबावी म्हणून देवापुढे साखर ठेवणारी माझी ताई मी प्रथमच पाहिली. मार्च संपेपर्यंत साहेबांना सद्बुद्धी होऊ नये, एवढेच तिचे मागणे होते. कारण मर्यादा ओलांडली, की वरचा गट. आणि वरच्या गटाच्या किमती ऐकूनच माणूस खाली बसतो.

साखर पावली. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, आधार, पॅन, शहरात दुसरे घर नसल्याची हमी, सारे जमले. आपण पुरेसे गरीब आहोत, हे सिद्ध झाले. मग भाचा कर्जासाठी एका बँकेत गेला. त्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी भागातल्या अल्प उत्पन्न गटाच्या घरांची किंमत पंचेचाळीस लाखांच्या आसपास होती. मुद्रांक शुल्क, नोंदणी निराळी. बँकेतल्या गृहस्थांनी कागद चाळले आणि म्हणाले, "पगार जरा कमी पडतो."

म्हणजे पाहा, एका खिडकीवर पगार जास्त नाही हे पटवायचे आणि दुसऱ्या खिडकीवर तो कमी नाही हे! एकाच माणसाने एकाच वर्षी, एकाच पगारपत्रकावर! दोन खिडक्यांच्या मधल्या अरुंद बोळात जो मावतो, त्यालाच घर मिळते. त्याहून खरोखर गरीब असलेला दुसऱ्या खिडकीवरूनच परत फिरतो, आणि सोडतीच्या यादीत नाव लागूनही घर सोडून देतो. ही माणसे आपल्याला दिसत नाहीत. पेपरात फोटो येतो तो पेढे भरवणाऱ्यांचा.

भाच्याच्या बोळाची रुंदी ताईने वाढवली. कशी, ते मला गेल्या भाऊबीजेला कळले.

घर सुरेख आहे. लहान, पण सरळ भिंतींचे. तुळस मांडीवरून उतरून खिडकीत बसली आहे. नातू सलग एकाच शाळेत जातो, आणि त्याच्या वहीवरचा पत्ता खोडलेला नाही. संकटे आहेतच. देखभालीचा खर्च दरमहा आलाच, आणि सोसायटीच्या सभेत पंपावरून तासभर वाद रंगतो. पाच वर्षे घर विकता येत नाही, असा नियम आहे. त्यावर भाचा म्हणतो, "मामा, हे घर विकायचा विचार ज्याला सुचतो, त्याने सात वेळा सामान बांधलेले नसते."

तुमच्या घरी कोणी अर्ज करणार असेल, तर थोरल्या माणसाचे दोन शब्द ऐका. अनामत भरण्याआधी बँकेत जाऊन किती कर्ज मिळेल ते विचारा. नंबर लागल्यावर नव्हे. आणि "आतून काम करून देतो" म्हणणाऱ्याला दाराबाहेरूनच नमस्कार करा. सोडतीसाठी आपण एकही दलाल नेमलेला नाही, असे म्हाडा स्वतःच वारंवार सांगते.

तर गेल्या भाऊबीजेला ताई ओवाळायला बसली. निरांजनाच्या उजेडात तिचे हात दिसले. हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या. आईने लग्नात घातलेल्या पाटल्या नव्हत्या. मी काही विचारले नाही, पण माझी नजर तिने पाहिली असावी. दाराकडे बोट करून ती हसली आणि म्हणाली, "पाटल्या गेल्या, पण पाटी आली."

दारावर खरेच पाटी होती. पितळेची, तिघांच्या नावांची. सर्वांत वर ताईचे नाव होते.

यंदा ओवाळणीचे पाकीट जरा जड करायचे आम्ही दोघांनी ठरवले आहे. पाटल्या होतील इतके नाही. पण सुरुवात तर होईल.