मास्तर, मेस्त आणि ट्रकचा बुश

गेल्या मे महिन्यात एका शनिवारी डिचोली तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी गेलो होतो. मला मुद्दाम बोलावून घेतले होते. पुतण्या बारावी पास झाला आहे आणि त्याला आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' करायचे आहे. वहिनींचे म्हणणे, आधी बी.ए. तरी कर, मग काकासारखी सरकारी नोकरी बघ. काका म्हणजे मी. वीस वर्षे सरकारी कार्यालयात फायली पुढे सरकवणारा कारकून, पदवी कला शाखेची. तेव्हा पोराची समजूत मीच घालावी असे ठरले. असे उपदेश मी आजवर पुष्कळांना केले आहेत, त्यामुळे तयारीची गरज नव्हती.

पोहोचलो तर बापलेक दोघेही अंगणातल्या ट्रकखाली. पोफळीच्या कडेला उभा असलेला हा टिपर आमच्या भागातल्या अनेक ट्रकांसारखाच खनिज वाहायला घेतलेला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली आणि २०१८ च्या मार्चपासून पुन्हा सगळे ठप्प झाले. त्या वर्षांत हा ट्रक अधूनमधून चिरे आणि रेती वाहायचा. एरवी पाऊस खात उभा. आता बऱ्यापैकी भाडे मिळेल अशी आशा होती, पण पासिंगला न्यायच्या आधी पुढच्या कमानीचे बुश बदलणे भाग होते. खड्ड्यातून जाताना खालून ठोके ऐकू येत आणि स्टिअरिंग सरळ राहत नसे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही (परवापर्यंत मलाही नव्हता) त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकचे वजन पोलादी पाट्यांच्या कमानीवर असते. मुख्य पाट्याची टोके गोल वळवून त्यांचे कडे केलेले असते. या ट्रकात त्या कड्यात गनमेटलची एक आखूड नळी घट्ट बसवलेली असते, तोच बुश. त्याच्यातून पिन जाते आणि कमान चेसीला जोडली जाते. पाटा वरखाली होताना झीज बुशाची व्हावी, महागड्या पाट्याची होऊ नये, एवढ्यासाठी त्याचा जन्म. आमच्या कार्यालयातही असे काहीजण असतात, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

दादाने कड्याखाली पहार घालून उचलली तेव्हा सगळे कडेच पिनेवर खुळखुळत वर गेले. ग्रीसचे निप्पल बुजले होते, आत ग्रीस पोहोचत नव्हते, त्यामुळे पिन आणि बुश कोरडे घासले गेले.

मला वाटले, हातोडा मारला की निघेल. दादा म्हणाला, "सवकास." मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलेले होतेच. चेसी जॅकने उचलली आणि लगेच तिच्याखाली जाड लाकडी ठोकळे रचले. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो, हे दादाने मला तीनदा सांगितले. ठोकळे नीट बसल्याशिवाय पोराला त्याने डोकेसुद्धा आत घालू दिले नाही.

पिनेचा अडकवणीचा बोल्ट काढला, पण पिन जागची हलेना. डिझेल सोडून ती रात्रभर भिजत ठेवली. रविवारी सकाळी तिच्या तोंडावर पितळी तुकडा धरून ठोके दिले. थेट घण मारला तर पिनेचे तोंड पसरते आणि मग ती अजिबात निघत नाही. अर्ध्या तासाने निघाली.

बुश काढायची वेळ आली तेव्हा बघायला आलेल्या एकाने सल्ला दिला, गॅसने तापवा, भसकन बाहेर येईल. दादाने साफ नकार दिला. तापवल्याने पाट्याचे पाणी उतरते आणि भाराखाली तो नेमका कड्याजवळ तुटतो. लहान गाड्यांचे रबरी बुश काहीजण जाळून काढतात, तेही चुकीचेच. धूर विषारी, शिवाय पोलादाचे नुकसान आहेच.

त्याऐवजी त्याने लांब आट्यांचा एक बोल्ट बुशातून घातला. एका बाजूला बुशाहून किंचित लहान चकती, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल असा पाइपचा तुकडा, आणि नट आवळायला सुरुवात केली. बुश अर्धा इंच सरकला आणि अडला. मग हॅक्सॉचे पाते बुशातून ओवून पुन्हा फ्रेममध्ये बसवले आणि करवत पुतण्याच्या हातात दिली. आतून लांबीत एक चीर पाडायची, म्हणजे बुश आक्रसतो. पण चीर जास्त खोल गेली तर कड्यालाच जखम होते आणि मुख्य पाटा वाया जातो. पाटा नवीन घ्यायचा तर ट्रक आणखी महिनाभर अंगणातच.

मी टॉर्च धरून उभा होतो. बराच वेळ पिवळा कीस पडत होता. मधेच पोराने करवत थांबवली, बोटावर कीस घेतला आणि म्हणाला, "बाबा, करडा येऊ लागला." गनमेटल संपून पोलाद लागले होते. मला तोवर कीस दिसतच नव्हता. दादाने काही न बोलता छिन्नी घेतली, चिरेच्या कडेला दोन हलके ठोके दिले आणि बुश बाहेर आला. वजनाने मूठभर, पण त्याने दोन दिवस घेतले होते.

संध्याकाळी चहा पिताना मी गप्पच होतो. गोव्यात आपण सुताराला मेस्त म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला. त्या भाषेत त्याचा अर्थ शिक्षकही होतो आणि निष्णात कारागीरही. आपला 'मास्तर' आला इंग्रजीतून. पण दोन्ही शब्दांचे मूळ एकच, लॅटिन 'माजिस्तेर'. आपण काय केले? एक भाऊ खुर्चीवर बसवला, दुसरा अंगणात उभा ठेवला. दसऱ्याला ट्रकला झेंडूची माळ घालतो, नारळ वाढवतो, आणि त्याच ट्रकखालून काळ्या हातांनी बाहेर येणाऱ्या माणसाला मुलगी द्यायची म्हटली की विचारात पडतो. आपल्या मराठी लेखनातही तेच. कीर्तन, नाटक, देवळे यांवर आपण भरभरून लिहिले आणि लिहावेच. पण ज्या ट्रकांनी डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्यांच्या दुरुस्तीवर दोन पाने शोधू गेलात तर सापडणे कठीण. पाट्याचे 'पाणी उतरणे' यासारखा अस्सल शब्द मला एम.ए. झालेल्या कुणाकडून नव्हे, ट्रकखालून ऐकायला मिळाला.

कुणी म्हणेल, कारकुनाला हातकामाचे कौतुक करायला काय जाते, पगार तर महिन्याला येतो. आक्षेप खरा आहे. दादाची पाठ दुखते, त्याला पेन्शन नाही, आणि खाणी बंद पडल्या तेव्हा झोप त्याचीच उडाली, माझी नाही. वहिनींची काळजी खोटी नव्हे. सगळेच घरी करावे असेही नाही. नवा बुश बसवून, रीमरने साफ करून झाल्यावर दादा स्वतःच ट्रक अलाइनमेंटला गॅरेजमध्ये घेऊन गेला. आपल्याला काय जमत नाही हे ओळखणे हाही त्या विद्येचाच भाग.

पण काळजी वेगळी आणि कमीपणा वेगळा. पोराला निश्चित मिळकत हवी म्हणून बी.ए. कर म्हणणे मी समजू शकतो. हात काळे होतात म्हणून कर म्हणणे यापुढे मला जमणार नाही. बी.ए. करून मी जे शिकलो त्यात किसाचा रंग बदललेला ओळखणे नव्हते.

निघताना वहिनींनी विचारले, "भावोजी, बोललात का त्याच्याशी?" म्हटले, बोललो. प्रवेश अर्जासोबत कुठले दाखले लागतील त्याची यादी करून दिली आहे. रहिवासी दाखल्याला वेळ लागतो, तेवढे काम माझ्याकडे सोडा.

त्या थोड्या रागावल्या आहेत. चतुर्थीला भेट होईल तेव्हा बघू.