पॉलिश मारण्याआधी जरा थांबा!

आधी गंजलेली, धुळीनं माखलेली जुनी गाडी. मग गाणं बदलतं आणि पंधरा सेकंदांत तीच गाडी आरशासारखी चकाचक! रिस्टोरेशनचे असले रील तुम्हीही रात्री पडल्या पडल्या बघत असालच. मीही बघतो, मजा येते. पण हल्ली ते बघताना एक प्रश्न सतावतो. त्या मधल्या पंधरा सेकंदांत नेमकं काय काय फेकून दिलं असेल?

हा प्रश्न डोक्यात शिरला तो अमेरिकेतल्या आठ गाड्यांमुळे. केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन नावाचं गाव आहे. ‘शेव्हरोले कॉर्व्हेट’ ही अमेरिकेची लाडकी स्पोर्ट्स कार १९८१पासून याच गावात बनते. कारखान्याच्या जवळच तिचं स्वतंत्र म्युझियम आहे. १२ फेब्रुवारी २०१४च्या पहाटे या म्युझियमच्या घुमटाकार दालनातली फरशी अचानक खचली. तिथली जमीन चुनखडीची, आतून पोखरलेली. बघता बघता भलंमोठं भगदाड पडलं आणि आठ कॉर्व्हेट त्यात गडप झाल्या. पहाटेची वेळ असल्यानं आत कुणीच नव्हतं, हे नशीब. सीसीटीव्हीत मात्र सगळं कैद झालं आणि ते फुटेज जगभर फिरलं.

आता या आठ गाड्यांचं काय करायचं? पैसा होता, कारागीर होते, कंपनी मदतीला तयार होती. तुम्ही असता तर काय केलं असतं? बहुतेकांचं उत्तर एकच असेल, ‘आठही पहिल्यासारख्या करा!’

तसं झालं नाही. दुरुस्त झाल्या फक्त तीन. उरलेल्या पाच जशा वर आल्या तशाच ठेवल्या. चेपलेल्या, फाटलेल्या, मातीनं भरलेल्या. माझ्या मते, म्युझियमचा हा निर्णय सगळ्यात भारी होता.

आधी त्या तिघींबद्दल. २००९ची निळी ‘झेडआर१’ सगळ्यात आधी क्रेननं वर आली. स्टार्ट केली तर पठ्ठी चक्क सुरू झाली! तिला दुरुस्त करणं साहजिकच होतं. दुसरी १९६२ची काळी कॉर्व्हेट. या गाडीच्या पहिल्या पिढीचं ते शेवटचं वर्ष. ती एका चाहत्यानं म्युझियमला भेट दिली होती. दुर्घटनेला बरोब्बर चार वर्षं झाली त्या दिवशी, १२ फेब्रुवारी २०१८ला, ती पुन्हा लोकांसमोर आली.

आणि तिसरी म्हणजे १९९२ साली बनलेली दहा लाखावी कॉर्व्हेट. बाहेरून पांढरी, आतून लाल. हा रंग उगाच निवडलेला नव्हता. १९५३ साली पहिल्या वर्षी फक्त ३०० कॉर्व्हेट बनल्या. बॉडी फायबरग्लासची, आणि सगळ्याच्या सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल. त्या थोरल्या बहिणींची आठवण म्हणून हा रंग. आणखी एक गंमत म्हणजे, ही गाडी बनवताना कारखान्यातल्या कामगारांनी तिच्या आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या भागांवर आपापल्या सह्या केल्या होत्या.

ही गाडी खड्ड्यातून निघाली तेव्हा तिची पार दशा झाली होती. कंपनीला सगळे सुटे भाग नवे टाकून झटपट काम उरकता आलं असतं. पण मग त्या सह्यांचं काय? म्हणून कारागिरांनी उलटा रस्ता धरला. जे वाचवता येईल ते वाचवायचं, नाइलाज असेल तिथेच नवं बसवायचं. बाराशे तासांहून जास्त काम केल्यावर २०१५मध्ये गाडी उभी राहिली. सह्या असलेले जे भाग पुन्हा बसवता येण्यासारखे नव्हते, तेही फेकले नाहीत, जपून ठेवले. याला म्हणतात रिस्टोरेशन! चकाकी तर कुठलाही पेंटर आणून देईल. पण १९९२ साली असेंब्ली लाइनवर उभं राहून कुणीतरी केलेली सही पुन्हा कुठून आणणार?

आता उरलेल्या पाचांकडे या. त्यांच्यात पंधरा लाखावी कॉर्व्हेटही होती, म्हणजे मान काही कमी नव्हता. पण काहींची अवस्था इतकी वाईट होती, की ‘दुरुस्त’ करायचं म्हणजे जवळजवळ सगळी गाडी नव्यानं बांधायची. मग जुनी उरते ती फक्त नंबर प्लेट! शिवाय ती दुर्घटना हाही आता या गाड्यांचा इतिहास झाला होता. म्हणून त्या तशाच मांडल्या. खड्डा बुजवला, दालन पुन्हा सुरू झालं आणि त्या चेपलेल्या गाड्या बघायला लोकांची रीघ लागली.

‘एवढं काय त्यात? शेवटी श्रीमंतांचे चोचले!’ असं तुम्ही म्हणाल. थोडं खरंही आहे. कॉर्व्हेट काही सर्वसामान्यांची गाडी नाही. पण तिच्यावर सह्या कुणाच्या होत्या? मालकांच्या नव्हे, कामगारांच्या. वारसा म्हटलं की आपल्याला डिझायनरचं नाव, टॉप स्पीड आणि लिलावातली किंमत आठवते. वस्तू ज्या हातांनी घडवली आणि वापरली, त्यांची खूण मात्र आपण पॉलिशखाली पुसून टाकतो.

आणि हा प्रश्न तुमच्याही पार्किंगमध्ये उभा असेल. आजोबांची स्कूटर, बाबांची कॉलेजातली बाइक. ती बाहेर काढून झकास करायची, फोटो टाकायचे, असं तुमच्या मनात असेल तर जरूर करा. गंजू देण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. फक्त घाई नको. आपल्याकडे २०२१पासून ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. त्याची मुख्य अट हीच, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले नकोत. म्हणजे कायद्यालाही चकाकीपेक्षा अस्सलपणा महत्त्वाचा वाटतो.

अर्थात, कायदा सांगतो म्हणून नाही, तर स्वतःसाठी एक करा. गॅरेजवाल्याला ‘सगळं नवीन टाका’ म्हणण्याआधी घरातल्या मोठ्यांना गाडीपाशी घेऊन या. ही डाव्या बाजूची पोक कशी आली? हा सीटचा टाका कुणी घातला? ही चावीची रिंग कुठली? उत्तरं ऐका, फोनवर रेकॉर्ड करा. मग ठरवा, काय बदलायचं आणि काय तसंच राहू द्यायचं.

रंग काय, पुढच्या महिन्यातही मारता येईल. ती पोक कशी आली हे सांगणारं माणूस मात्र आत्ता घरात आहे, तोवरच विचारून घ्या.