हात स्वच्छ आहेत, कारण ते खिशात आहेत

मंडळी, यावेळचा वीकेंडचा लेख जरा चिडून लिहितोय. आधीच सांगून ठेवतो.

झालं असं, की 2024 च्या विधानसभा निवडणुकीला मी मतदानासाठी पुण्याहून समुद्रपूरला गेलो. (वर्धा जिल्हा, हिंगणघाटच्या शेजारी. नाही, तिथे समुद्र नाही. हा विनोद मी आजवर किमान चारशे वेळा ऐकलाय.) रात्रभर ट्रॅव्हल्सने नागपूर, तिथून एसटीने जाम, जामवरून पुढे घर. बाबा दारातच म्हणाले, "एका मतासाठी एवढ्या लांबून कायले आला बे?" म्हणाले खरे, पण स्वतः सकाळी सातलाच रांगेत उभे राहून बोटाला शाई लावून आले होते!

खरी चीड परत आल्यावर आली. ऑफिसात चहाला आमचा एक मित्र म्हणाला, "मी पॉलिटिक्सपासून चार हात लांब असतो. डर्टी आहे रे सगळं. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाने त्यात पडूच नये. निसीम इझिकेल बघ. शांतपणे प्रोफेसरकी केली, कविता लिहिल्या, संपलं."

च्यायला! उदाहरण द्यायचं तर निदान नीट माणूस तरी निवडायचा.

इझिकेल म्हटलं की आपल्याला आठवते ती इंग्रजीच्या पुस्तकातली विंचवाची कविता. फार तर मिस पुष्पांचा निरोप समारंभ. त्यापलीकडचा माणूस पाहा. जन्म 1924, मुंबई. बेने इस्राएल, म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहून मराठी बोलणारा ज्यू समाज. घाण्यावर तेल काढायचे आणि शब्बाथ पाळायचे, म्हणून गावोगावी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई शाळेची मुख्याध्यापिका. म्हणजे अगदी तुमच्या-माझ्यासारखं 'अभ्यास कर, नोकरी बघ' टाइप घर.

आणि या घरातला मुलगा विशीत काय करत होता? मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचं काम! 1947 पर्यंत तो त्या पक्षाचा सक्रिय कार्यकर्ता होता. त्याच वर्षी एम. ए. पण झाला. म्हणजे 'अभ्यासातून वेळ कुठे मिळतो' हे कारणही गेलं.

पक्ष तरी कुठला? लोकप्रिय वगैरे अजिबात नाही. 14 जुलै 1942 ला आमच्या वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला. त्यातूनच पुढे ऑगस्टमधलं 'छोडो भारत' उभं राहिलं. रॉय यांचा पक्ष नेमका याच्या विरुद्ध. त्यांचं म्हणणं, आधी हिटलर हरला पाहिजे, तो जिंकला तर स्वातंत्र्यालाही अर्थ उरणार नाही. लोकांनी त्यांना देशद्रोही ठरवलं. 1946 च्या निवडणुकांत पक्ष साफ झोपला आणि 1948 च्या अखेरीस रॉय यांनी तो विसर्जितच केला. सेवाग्रामच्या जिल्ह्यात वाढलेल्या मला ही भूमिका आजही पटत नाही. पण युरोपात ज्यूंची कत्तल चालू असताना मुंबईतल्या एका ज्यू पोराला हिटलरचा पराभव आधी हवा असेल, तर हे समजायला फार अक्कल लागत नाही. (तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीही रॉयवादीच होते, बरं का.)

आता मित्राचं पुढचं वाक्य मला माहितीये: "पण शेवटी सोडलंच ना राजकारण?"

पक्ष सोडला. सार्वजनिक जागा सोडली नाही. 1948 ला लंडनला गेला. 1952 ला परत आला तो एका मालवाहू जहाजावर डेक घासत. (आपण ऑनसाईटहून परततो तेव्हा ड्यूटी-फ्रीच्या पिशव्या असतात.) 1955 ला 'क्वेस्ट' या वैचारिक नियतकालिकाचा पहिला संपादक झाला. पुढे मिठीबाई कॉलेजात इंग्रजी विभागाचा प्रमुख, समीक्षक, कितीतरी तरुण कवींचा मास्तर. 1974 ला वृंदा नाबर यांच्यासोबत त्याने आपल्या इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. स्वातंत्र्यानंतर त्याचे बहुतेक समाजबांधव इस्राएलला निघून गेले. हा मुंबईतच राहिला आणि 2004 मध्ये इथेच गेला.

डाग लागला नाही असंही नाही. 'क्वेस्ट' ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पैशावर चालत होतं, तिच्यामागे अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता हे 1967 पर्यंत उघड झालं. त्याने संपादकपद सोडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी नाव जोडलं गेलंच. मैदानात उतरलं की चिखल उडतो. चुकीचा पक्ष निवडला जातो, चुकीच्या खिशातून पैसे येतात, आणि हसायला लोक असतातच.

पण म्हणून घरी बसणाऱ्याला स्वच्छ म्हणायचं का? आपले हात स्वच्छ आहेत कारण ते खिशात आहेत, बस्स. आपण ज्याला 'सेन्सिबल राहणं' म्हणतो तो निव्वळ आळस आहे, वर थोडं इंग्रजी वाचन भुरभुरवलेलं. रस्ता खणला की फोटो टाकायचा, कापसाला भाव नाही म्हणून गावाकडून फोन आला की 'सिस्टिमच खराब' म्हणायचं, आणि मतदानाच्या दिवशी लोणावळा. काही हजार माणसांच्या समाजातला, हरणाऱ्या पक्षातला पोरगा 'माझ्या एकट्याने काय होणार' असं म्हणू शकत होता. त्याला तो हक्क होता. आपल्याला कुठून आला?

मी काही संत नाही. 2019 ची विधानसभा सोमवारी होती. शनिवार-रविवार-सोमवार जोडून मी गोव्यात होतो. त्या शाईशिवायच्या बोटाने मी पुढची पाच वर्षं सरकारला शिव्या टाईप केल्या. कुठल्या तोंडाने, देव जाणे.

तर मंडळी, पक्षात जा असं मी म्हणत नाही. (गेलात तर उत्तमच.) पण मतदारयादीत नाव गावाला आणि आपण पुण्यात असं असेल, तर एकतर फॉर्म 8 भरून नाव इकडे आणा, नाहीतर त्या दिवशी ट्रॅव्हल्स पकडा. सोसायटीच्या मीटिंगला तरी जा, आणि तिथे तोंड उघडा. हे जमत नसेल तर निदान इझिकेलचं नाव स्वतःच्या बचावासाठी वापरू नका. तो तुमच्या बाजूचा साक्षीदार नाही.

असो. चहा गार झाला. मित्र हे वाचेलच, सोमवारी भांडू.