निवडणुकीविना जिल्हा पंचायत

बंगळूरच्या दक्षिणेस बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की असंख्य कामगार आनेकल तालुक्यातील गावांत, भाड्याच्या खोल्यांकडे परततात. या ग्रामीण भागातील शाळा, आरोग्य केंद्रे व रस्ते ज्या जिल्हा पंचायतीच्या कक्षेत येतात, तिची निवडणूक २०१६ साली झाली. २०२१ मध्ये मुदत संपली. त्यानंतर २०२४ साल सरले तरी नवे सभागृह निवडले गेले नाही. कारभार प्रशासकाच्या हाती राहिला.

बेळगावपासून चामराजनगरपर्यंत साऱ्या कर्नाटकात हेच घडले. २०२१ साली भाजप सरकारने कायदा बदलून मतदारसंघांच्या आखणीचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून घेतला. मे २०२३ मध्ये आलेल्या काँग्रेस सरकारनेही तत्परता दाखविली नाही. महाराष्ट्रात २०२२ साली मुदत संपलेल्या जिल्हा परिषदांसाठी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. झेंडे निराळे, वर्गीय वृत्ती एकच.

मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न अनिर्णित होता, ही सबब पुढे केली जाते. आरक्षण न्याय्यच आहे. परंतु त्यासाठी लागणारी माहिती गोळा करणे हे सरकारचेच काम होते. स्वतःच्या दिरंगाईची शिक्षा सरकारने जनतेला द्यावी, हा कोणता न्याय? शिवाय सभागृहच नसेल तर दलित, मागास व स्त्रिया यांच्या राखीव जागा कागदावरच उरतात. १९८७ साली ज्या राज्यात स्त्रियांना पाव जागा देऊन जिल्हा परिषदा निवडल्या गेल्या, तेथे ही अधोगती व्हावी!

नोकरशहा वरिष्ठांना उत्तरदायी असतो, सदस्य गावाला. सभागृहात हिशेब मागणारा कोणी नसला की कंत्राटदाराचे व जमिनीच्या दलालाचे फावते. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीने १९७८ पासून दर पाच वर्षांनी पंचायत निवडणुका घेतल्या. इच्छा असेल तर हे साधते.

घटनेच्या ७३व्या दुरुस्तीनुसार मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक झाली पाहिजे. मतदारसंघांची आखणी निवडणूक आयोगाकडेच असावी आणि प्रशासकाच्या काळातील खर्चाचा जाहीर हिशेब मिळावा, या मागण्या घेऊन पक्षाच्या शाखांनी कामगार वस्त्यांत व शेतमजुरांत उतरले पाहिजे. मतदार याद्यांत स्थलांतरित कामगारांची नावे नोंदविणे, हे त्यातील पहिले काम होय. न्यायालये आदेश देतात. तो अमलात आणविते ती संघटित जनता.