नेसेसरी आहे, काका!

मागे ‘कंपल्सरी’ या शब्दावर लिहिलं तेव्हा एका वाचकानं टोमणा मारला होता, की इंग्रजी शब्दांची कुळं काढून कुणाचं पोट भरतं? पोट भरत नाही, कबूल. पण खिडकीवर भांडायला बळ येतं, हे मंगळवारी कळलं.

वारसनोंदीसाठी एका कार्यालयात तिसरी खेप होती. भिंतीवर ‘आवश्यक कागदपत्रे’ अशी यादी. सात बाबी टाइप केलेल्या, आठवी बॉलपेननं खाली खरडलेली. माझ्याकडे सात.

‘‘आठवा पण नेसेसरी आहे, काका.’’

‘‘मागच्या महिन्यात नव्हता.’’

‘‘तेव्हा आधीचे साहेब होते.’’

आता या ‘नेसेसरी’चं पोट फाडून बघू. मूळ लॅटिन ‘नेकेसे’. बहुतेक कोशकार त्याची फोड करतात ती अशी: ‘ने’ म्हणजे नाही, ‘केदेरे’ म्हणजे मागे सरणं, वाट देणं. मंदीचं ‘रिसेशन’ आणि वादातलं ‘कन्सीड’ ही त्याच केदेरेची लेकरं. जिथून तसूभर मागे सरता येत नाही, ते नेसेसरी.

आणि आपलं ‘आवश्यक’? ते आलं ‘अवश्य’वरून. अ अधिक वश्य. वश म्हणजे इच्छा, ताबा. जे कुणाच्या वशात नाही, ते अवश्य. गंमत बघा, लॅटिन आणि संस्कृत, दोघींनाही गरज सांगताना आधी ‘नाही’ म्हणावं लागलं. पण नजर वेगळी. लॅटिन बघते अडलेल्या माणसाकडे: बाबा रे, तुला मागे फिरता येणार नाही. संस्कृत बघते त्या गोष्टीकडे: ही कुणाचं ऐकणार नाही. तुमचं नाही, माझं नाही आणि साहेबांचंही नाही! साहेब बदलला की जे बदलतं, ते नेसेसरी असेलही, कारण खिडकीबाहेरचा मी खरंच अडलेलो असतो. आवश्यक मात्र ते नव्हे. ती साहेबांची हौस. यादीवर तसं लिहा, ‘हौशी कागदपत्रे’.

आमच्या सरकारी मराठीला ‘आवश्यक’सुद्धा पुरत नाही, म्हणून ‘अत्यावश्यक’. जे कुणाच्याच ताब्यात नाही, ते ‘अति’ ताब्यात नाही म्हणजे काय? अर्थात 2020च्या मार्चमध्ये मास्क सरकारच्या अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत आला आणि जूनअखेर मुदत संपून बाहेरही पडला, तेव्हा ‘अति’चं आयुष्य साडेतीन महिने असतं, असं समजायचं.

इंग्रजीची बाकी भावंडंही बेरकीच. ‘नीड’चा जुना अर्थ जबरदस्ती, संकट; त्याचा जर्मन भाऊ ‘नोट’ आजही संकटात बाहेर पडायच्या दारावर ‘नोटआउसगांग’ म्हणून उभा असतो. ‘मस्ट’ तर ज्या क्रियापदाचं भूतकाळी रूप, त्याचा अर्थ होता ‘मुभा असणे’. मुभेची सक्ती कशी होते, हे सोसायटीची ‘ऐच्छिक वर्गणी’ भरणाऱ्याला सांगायला नको. आणि ‘गरज ही शोधाची जननी’ हे भाषांतर शाळेच्या फळ्यांवरून एकदा पुसा. अस्सल मराठी अनुभव ‘गरज सरो, वैद्य मरो’ हाच.

‘नेसेसरी’ प्रामाणिकपणे वापरला तो अठराव्या शतकातल्या इंग्रजीनं. तेव्हा ‘नेसेसरी हाउस’ म्हणजे शौचकूप. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इथल्या वाड्याच्या आवारातल्या अशा खोल्यांना ‘नेसेसरी’च म्हणत. इथे लॅटिन आणि संस्कृत दोघींचं एकमत: मागे हटता येत नाही आणि कुणाच्या वशातही नाही.

दोन तास उभं राहिल्यावर मलाही त्या अर्थानं नेसेसरी झालं. खिडकीत विचारलं. कोपऱ्याकडे बोट दाखवलं गेलं. दाराला कुलूप.

‘‘किल्ली साहेबांकडे असते, काका.’’