फायबर घरात आले, वाटेकरी किती?

'घरापर्यंत फायबर' ही जाहिरात मुंबई-पुण्यातील सोसायट्यांना आता नवी राहिलेली नाही. मात्र जाहिरातीतील वेग ग्राहकाच्या एकट्याच्या हक्काचा नसतो, हे ठळक अक्षरांत क्वचितच सांगितले जाते.

'जीपॉन' या प्रचलित पद्धतीत एक्स्चेंजमधून निघालेली एकच फायबर वाटेतल्या 'स्प्लिटर'मधून साधारणतः ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते. तिची क्षमता घराकडे येताना सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट, तर घराकडून जाताना १.२५ गिगाबिट. ३२ घरांनी एकाच क्षणी पुरेपूर मागणी केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ७८ मेगाबिट येतात. ६४ घरे असतील तर ३९. तरीही सर्वांना १०० मेगाबिटची जोडणी विकता येते, कारण सगळे एकाच वेळी नळ सोडत नाहीत. सोसायटीच्या टाकीचा हिशेबही याच भरवशावर चालतो.

म्हणूनच वाटणीला सरसकट फसवणूक म्हणता येणार नाही. प्रत्येक घरासाठी स्वतंत्र क्षमता राखून ठेवली, तर मासिक दर सामान्यांच्या आवाक्याबाहेर जातील. प्रश्न वाटेकऱ्यांच्या संख्येचा आहे. शिवाय एक्स्चेंजमधून बाहेर जाणाऱ्या वाहिनीवर पुन्हा एकदा वाटणी होते आणि तेथे किती ग्राहक कोंबले आहेत, हे बाहेरून दिसत नाही. मार्च २०२० मध्ये सारा देश घरात बसला, तेव्हा जाळ्यांवरील ताण हलका करण्यासाठी व्हिडिओ कंपन्यांना चित्राचा दर्जा तात्पुरता उतरवावा लागला होता.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी वाटणीचे १:५० हे प्रमाण घालून दिले होते. १०० मेगाबिटच्या जोडणीला ते लावले, तर प्रत्येकी २ मेगाबिट उरतात. २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग ५१२ किलोबिटवरून वाढवून नेमका तेवढाच केला. म्हणजे जाहिरातीतील १०० आणि व्याख्येतील २ यांच्यामध्ये आपण कुठे आहोत, याचा ग्राहकाला पत्ताच नाही.

दहा गिगाबिटची 'एक्सजीएस-पॉन' पद्धती ही क्षमता वाढवील; पण वाटेकरीही त्याच प्रमाणात वाढवले, तर ग्राहकाच्या पदरात काहीच पडणार नाही. स्प्लिटरवरील घरांची संख्या आणि रात्री ९ ते ११ या गर्दीच्या वेळेतील सरासरी वेग बिलावर छापणे कंपन्यांना बंधनकारक करायला हवे. टाकी सामाईक असायला कोणाची हरकत नाही. पण तिच्यावर नळ किती, हे पैसे मोजणाऱ्याला कळलेच पाहिजे.