बातमी मोठी, माघार बारीक अक्षरात

‘संशोधनातून सिद्ध झाले’ एवढे शब्द वाचले की आपण मान डोलावतो. तेच संशोधन पुढे मागे घेतले गेले तर ते आपल्याला कोण कळवणार? तुमसर-चिखल्याच्या वाचकाला हा प्रश्न दूरचा, विद्यापीठातला वाटेल. पण गोळी शेवटी त्याच्याच तळहातावर पडते.

२०२० चा उन्हाळा आठवा. मलेरिया आणि आमवातासाठी वापरली जाणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही जुनी गोळी करोनामुळे घरोघरी माहीत झाली होती. २२ मे रोजी ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील नामांकित वैद्यकीय पत्रिकेत लेख आला. सुमारे ९६ हजार रुग्णांच्या नोंदींवरून त्यात म्हटले होते की, ही गोळी घेणाऱ्या करोना रुग्णांत मृत्यू अधिक दिसतात. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीत ही गोळी देणे थांबवले. मग जाणकारांनी आकडे तपासले, तर ऑस्ट्रेलियातील मृत्यू तिथल्या सरकारी आकड्यांशी जुळेनात. मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर त्या पुरवणाऱ्या कंपनीने नकार दिला. ४ जूनला चारपैकी तीन लेखकांनी लेख मागे घेतला.

यावरून ‘म्हणजे गोळी गुणकारी आहे’ असा अर्थ पुष्कळांनी काढला. तो चूक होता. दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीने जाहीर केले की, रुग्णालयातील करोना रुग्णांना तिचा उपयोग होत नाही. लेख मागे घेतला म्हणजे त्याच्या उलटे सिद्ध झाले असे नव्हे. तो पुरावा बाद झाला, एवढेच.

लेखात किरकोळ चूक असेल तर शुद्धिपत्र निघते. शंका असेल आणि चौकशी चालू असेल तर संपादक सावधगिरीची सूचना छापतात. निष्कर्षावरच भरवसा ठेवता येत नसेल तर लेख मागे घेतात. तो फाडून टाकत नाहीत. ‘मागे घेतला’ असा शिक्का मारून तसाच ठेवतात आणि कारण सांगतात, निदान सांगायला हवे. चिखल्याच्या खाणीतील मॅंगनीजची प्रत नमुना तपासून ठरते. नमुनाच चुकीचा घेतला तर ढीग तोच राहतो, त्यावरची पाटी तेवढी खोटी ठरते. तसेच हे.

प्रत्येक वेळी लबाडीच असते असेही नाही. स्पेनमध्ये ऑलिव्ह तेल व सुक्या मेव्याच्या आहाराची ७,४४७ माणसांवर चाचणी झाली. लेख २०१३ साली आला. पुढे कळले की एका ठिकाणी शेजाऱ्याला फुकट तेल आणि आपल्याला नाही, अशी लोकांची कुरकुर झाली, म्हणून चिठ्ठ्या न टाकता सगळ्यांना एकच आहार दिला गेला. (गाव कुठलेही असो, माणसे सारखीच!) लेखकांनी २०१८ मध्ये लेख मागे घेतला, आकडेमोड पुन्हा केली आणि दावा सौम्य करून तो नव्याने छापला. याला मी प्रामाणिकपणा म्हणतो.

आपल्याकडचे उदाहरण मात्र अवघड आहे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधून कर्करोगाच्या पेशींवरील एक लेख २००५ साली अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त आला. आधीच्या लेखातील चित्रेच पुन्हा वापरली, असा निनावी आरोप झाला. २००७ मध्ये पत्रिकेने लेख मागे घेतला. इकडे डॉ. जी. पद्मनाभन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शास्त्रज्ञांना निर्दोष ठरवले. तिकडे लेख बाद, इकडे लेखक निर्दोष! खरे कोण, याचा निवाडा या सदरात होणार नाही. पण तो करणारी, कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र संस्था देशात तेव्हा नव्हती आणि आजही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत, तेही मुख्यतः नक्कल करण्याविषयी. ज्या संस्थेची अब्रू पणाला लागली, तिनेच चौकशी नेमायची, हा प्रकार थांबला पाहिजे. चौकशीचा अहवाल लोकांपुढे आलाच पाहिजे, कारण कर्करोगाच्या संशोधनाचा पैसा बहुतांशी जनतेचा असतो.

वर्तमानपत्रांकडेही एक मागणी आहे. ज्या पानावर, ज्या आकारात शोधाची बातमी छापली, त्याच पानावर त्याच आकारात माघारही छापावी. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्येच अवघ्या १२ मुलांवरून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला गेला. तो लेख पूर्ण मागे घ्यायला २०१० साल उजाडले. मधल्या काळात इंग्लंडातील कितीतरी आईबापांनी मुलांना ती लस टोचलीच नाही. लेख बाद झाला, भीती मात्र देशोदेशी फिरतेच आहे. २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडी भागात गोवराने मुले दगावली. लस न मिळालेली मुले तिथे बरीच होती, आणि त्याची कारणेही अनेक होती. आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली लस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. कार्ड काढून तारीख पाहून घ्या.